अंड्यावरच्या कोंबडीचा भाऊ

जत्रेत पाळण्यांची रांग संपते तिथं एक माणूस पुठ्ठ्याचं खोकं पुढ्यात घेऊन उकिडवा बसला होता. खोक्यात पिल्लं. गुलाबी, पोपटी, निळी, जांभळी. देवळावरचा भोंगा, पिपाण्या, मौत का कुआंमधल्या फटफट्या, या सगळ्या कल्ल्यातूनही त्यांची बारीक चिवचिव स्वच्छ ऐकू येत होती. भाची तिथंच थबकली. "दहाला एक, पंचवीसला तीन," तो म्हणाला. तिनं एक गुलाबी उचलून ओंजळीत धरलं. रंग पिसांतून खाली कातडीपर्यंत उतरला होता, नख्यासुद्धा गुलाबी झाल्या होत्या. एका डोळ्याच्या कडेला रंगाची खपली धरली होती, त्यामुळे तो डोळा अर्धाच उघडत होता. "मावशी, ही मोठी झाली की गुलाबी अंडी देणार?" तो माणूस हसला. "नर हाय त्यो, बाळा. अंडी नाय देत." मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाला, "आन् मोठी बी नाय व्हत ही, ताई. चार दिस खेळू द्या पोरीला."

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, खंतही नव्हती. शेजारच्या फुगेवाल्यानं फुगा सकाळपर्यंत बसेल म्हणून सांगावं, इतक्या सरळपणे त्यानं ते सांगितलं. मी दहा रुपये दिले. भाची पिल्लाशी बोलत पुढे चालली, आणि माझ्या डोक्यात मात्र ते 'मोठी नाय व्हत' दिवसभर अडकून बसलं. कारण ते पिल्लू जत्रेत का आलं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ते पिल्लू घरच्या बुटांच्या खोक्यात ठेवून त्याला तांदळाच्या कण्या घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

अंड्यांसाठी ज्या जातीच्या कोंबड्या पाळतात, त्यांची पिल्लं हॅचरीत जन्माला येतात. २१ दिवस यंत्राची ऊब, मग टरफलं फुटतात, आणि निम्मी पिल्लं नर निघतात. नर अंडी देणार नाही हे उघड आहे. पण मग मांसासाठी वाढवावा, तर तेही परवडत नाही. या जातीचं सगळं खाल्लेलं अंड्यात जावं अशीच तिची घडण केलेली. तिचा नर महिनोन् महिने खात राहतो आणि अंगावर काही धरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी निवड होते. पंखाची पिसं बघून किंवा शेपटीखाली दाबून बघून माणसं नर-मादी वेगळी करतात. सरावलेल्या हातांना एका पिल्लाला दोन-तीन सेकंद पुरतात. माद्या एका ट्रेत, नर दुसऱ्या. माद्यांना लस टोचून गाडीत चढवतात. नर कुठं यंत्रात चिरडले जातात, कुठं पिंपात एकावर एक पडून गुदमरतात, कुठं माशांच्या खाद्यात जातात. आणि त्यातलेच काही रंगाच्या बादलीतून निघून आठवडी बाजारात आणि जत्रांत येतात. म्हणजे भाचीच्या हातातलं ते पिल्लू तसं नशिबवानच म्हणायचं. आपण 'अंड्यावरची कोंबडी' असं सहज म्हणतो. अशा प्रत्येक अंड्यावरच्या कोंबडीमागे एक भाऊ असतो, आणि तो कोणी पाहिलेला नसतो.

जर्मनीनं २०२२च्या १ जानेवारीपासून हे नर मारणं कायद्यानं बंद केलं. तिथं आता अंडं उबत असतानाच, टरफलाला सूक्ष्म छिद्र पाडून किंवा आरपार प्रकाश सोडून आत नर आहे की मादी ते ओळखतात आणि नराचं अंडं पिल्लू होण्याआधीच बाजूला काढतात. वाचलं तेव्हा बरं वाटलं. मग असंही वाटलं की प्रश्न सुटला तो आपल्या डोळ्यांपुरता. पण तो सुटणंही काही कमी नाही.

आजीकडे कोंबड्या होत्या. ओट्याखाली खुराडं, त्याला गोणपाटाचा पडदा आणि रात्री आडवी लावायची फळी. सकाळी फळी काढली की त्या अंग झटकत बाहेर पडायच्या आणि थेट उकिरड्यावर जायच्या. गावच्या कोंबड्यांबद्दल हळवं होऊन लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, तिच्यात मला पडायचं नाही. त्या कोंबड्या काय खात हे ज्यांनी पाहिलंय, ते 'गावरान' शब्दावर इतके भाळणार नाहीत. मुंगूस त्यांना न्यायचं, घार पिल्लं उचलायची, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा मानमोडी आली की आठवड्यात अंगण मोकळं व्हायचं. मान मुरगळून गोल गोल फिरणारी कोंबडी मी पाहिली आहे. आजी तिला डालग्याखाली झाकून ठेवायची, एवढाच इलाज. रविवारी पाहुणे आले की मामा विळी घेऊन मागच्या दारी जायचे आणि आम्हा पोरांना दुकानावर पिटाळलं जायचं. परत येईस्तोवर पातेल्यात रस्सा रटरटत असायचा. आम्ही तो ओरपून खायचो.

तरी एक गोष्ट लख्ख आठवते. दुपारी ऊन कलंडलं की परसात जांभळीखालच्या भुसभुशीत मातीत कोंबड्या खड्डा करून बसायच्या. पायांनी माती उकरायची, पंख फुलवून ती पिसांच्या मुळाशी घ्यायची, एका अंगावर कलून डोळे मिटून पडायचं, मग उठून असं झडझडून अंग झटकायचं की धुळीचा लोट उठावा. मला ती निव्वळ चैन वाटायची. पुढे कळलं की हे त्यांचं न्हाणं आहे. पिसांतला जादा तेलकटपणा आणि किडे यानं जातात, आणि ही गोष्ट पिल्लाला शिकवावी लागत नाही. दुसरी आठवण खुडूक कोंबडीची. अंडी देणं थांबवून रिकाम्या जागी फुगून बसायची, हात लावला की चोच मारायची. आजी तिला बादलीभर पाण्यात पोटापर्यंत बुडवून काढायची, म्हणजे डोक्यातलं आईपण उतरावं. कधी दया आली तर शेजारणीकडून अंडी आणून खाली ठेवायची. आजच्या अंड्याच्या जातींमधून हा खुडूकपणा निवडून निवडून काढून टाकला आहे. बसलेली कोंबडी अंडं देत नाही, म्हणजे ती नुकसान. रानकोंबडी वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालते. पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. एवढ्या टरफलांचा चुना कुठून येणार? खाद्यातून कमी पडला की तिच्या हाडांतून.

मावसभावाची पोल्ट्री सिन्नरच्या बाजूला आहे. बॉयलरची. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून देते, खाद्य देते, औषधं देते; शेड, वीज, पाणी, मजुरी दादाची. चाळीसेक दिवसांनी कंपनीची गाडी येते, वजन होतं, आणि किलोमागे ठरलेले पैसे दादाच्या खात्यात जमा होतात. खाद्य जास्त खाल्लं तर कपात, मरतूक जास्त झाली तर कपात. त्यामुळे दादा कोंबड्यांची काळजी घेत नाही असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. पिल्लं येतात त्या रात्री तो आणि वहिनी झोपत नाहीत. भाताच्या तुसावर कागद अंथरून, त्यावर मक्याचा भरडा पसरून, दिव्यांखाली पिल्लं सोडतात आणि सारखं बघत राहतात. दिव्याखाली गर्दी केली म्हणजे थंडी वाजतेय, लांब पांगली म्हणजे उकडतंय. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट टाकतो, पडद्यांवर पाणी मारतो, गुळाचं पाणी पाजतो. एका एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकते, त्यापलीकडे तिच्याकडे काही नाही. दादा त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. वहिनी एवढंच म्हणते की खड्डा खणायला जेसीबी बोलवावा लागला होता.

पण मी तिथं गेले तेव्हा बॅच पस्तिशी ओलांडलेली होती. पहिली गोष्ट म्हणजे वास. नाकात नाही, डोळ्यांत जाणारा. तुसात विष्ठा मुरून जो अमोनिया सुटतो तो दाराशीच भेटतो. दुसरी गोष्ट, शांतता. पाच हजार कोंबड्या एका पत्र्याखाली आणि आवाज फक्त पंख्यांचा आणि एक संथ कुरकुर. एका कोंबडीला साधारण एक चौरस फूट जागा, हा या धंद्यातला रूढ हिशेब. पिल्लांना तीच जागा मैदान वाटते, पाचव्या आठवड्यात तूस दिसेनासा होतो. मी आत पाऊल टाकलं तर त्या बाजूला सरकल्या, पण पळाल्या नाहीत. दोन-चार पावलं टाकून पुन्हा बसल्या. एक माझ्या पायाशीच होती. छाती एवढी भरलेली की तिच्या पुढच्या अंगाचा सगळा भार जमिनीवर, पाय दोन बाजूंना फाकलेले, छातीखालची पिसं झडून कातडी लालसर दिसत होती. तिनं खाद्याच्या भांड्याकडे मान लांबवली, पोहोचली नाही, उठायचा प्रयत्न केला, पंखांचा आधार घेतला, आणि बसली. दादानं तिला उचलून भांड्याजवळ ठेवलं. "वजन भारी आहे हिचं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं.

वय तेव्हा सव्वा महिन्याचं. आवाज अजून पिल्लाचाच. आजीच्या अंगणात या वयाचं पिल्लू आईच्या मागे मागे फिरायचं.

चाळीस ग्रॅमचं पिल्लू चाळीसेक दिवसांत दोन किलोंच्या वर जातं, म्हणजे पन्नास पट. हे औषधांमुळे, इंजेक्शनमुळे होतं असं आपल्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात. खरं कारण त्याहून अवघड आहे, कारण ते काढून टाकता येत नाही. ते त्या कोंबडीच्या रक्तातच आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात संशोधकांनी १९५७च्या वाणाच्या जपून ठेवलेल्या कोंबड्या आणि २००५च्या बाजारी वाणाच्या कोंबड्या एकसारखं खाद्य घालून वाढवल्या. ५६ दिवसांनी जुनी भरली ९०५ ग्रॅम, नवी चार किलो दोनशेच्या आसपास. खाद्य तेच, दिवस तेवढेच. हाडं, हृदय आणि फुप्फुसं मात्र त्या वेगानं वाढत नाहीत, म्हणून पाय लुळे पडतात, पोटात पाणी होतं, आणि काही धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या अचानक उताण्या पडून मरतात. याहूनही मला खुपलेली गोष्ट त्यांच्या आईबापांची आहे. अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोहोचायचं तर या वाणाच्या कोंबड्यांना पोटभर खाऊन चालत नाही; वजनानंच त्या कोलमडतील. म्हणून त्यांना जन्मभर मोजून-मापून, भुकेलं ठेवतात. लेकरं खाण्यासाठी जगतात आणि आईबाप उपाशी. एवढं विचित्र घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

लेअरची, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांची शेड मी पाहिली ती दुसऱ्या एकाची, दादाच्या ओळखीनं. तिथं तूस नाही, जमीनच नाही. जिन्यासारखे एकावर एक चढत गेलेले तारेचे पिंजरे, खाली विष्ठेचा ढीग, पुढं खाद्याची पन्हळ. तळाची जाळी पुढं उतरती, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत बाहेर. एका पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण साडेचारशे चौरस सेंटिमीटर, कुठं कुठं त्याहून कमी. झेरॉक्सचा कागद सव्वासहाशेच्या घरात जातो. चोची आखूड होत्या, कारण पिल्लूपणीच तापलेल्या पात्यानं त्यांचं टोक छाटतात, नाहीतर दाटीत एकमेकींना टोचून मारतात. चोचीच्या टोकात नसा असतात. त्या टोकानंच कोंबडी जग चाचपत असते. मालक भला माणूस, सगळं दाखवत होता, दर कसे पडलेत ते सांगत होता. मी मात्र एका कोंबडीकडेच बघत राहिले. ती तारेवर बसून पाय घासत होती, पंख फुलवत होती, पन्हळीतलं खाद्य चोचीनं अंगाकडे ओढल्यासारखं करत होती, मग एका अंगावर कलायला बघत होती आणि शेजारणीवर आदळत होती. मला समजायला वेळ लागला. ती मातीत लोळत होती. माती नव्हती, एवढंच.

या जागेबद्दल आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि त्याचं ११वं कलम सांगतं की ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची जनावराला वाजवी हालचाल करू देत नाही, त्यात त्याला ठेवणं हा गुन्हा आहे. हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. १९६५मध्ये ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीनं याहूनही थोडकं मागितलं होतं: जनावराला वळता यावं, अंग साफ करता यावं, उठता यावं, आडवं होता यावं, हातपाय ताणता यावेत. बस. त्या पाचांसाठी युरोपला २०१२ उजाडावं लागलं, तेव्हा कुठं तिथं साधे तारेचे पिंजरे बंद झाले. आपल्याकडे विषय विधी आयोगापर्यंत पोहोचला. जुलै २०१७चा २६९वा अहवाल केवळ अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांना कसं ठेवावं, कसं न्यावं यावर आहे. न्या. बलबीर सिंग चौहान अध्यक्ष होते. देशाच्या विधी आयोगानं कोंबडीवर अहवाल लिहिला, याचं मला अप्रूप वाटलं होतं. गल्लीतल्या दुकानात येणारे अंड्यांचे ट्रे त्यानंतरही जिथून यायचे तिथूनच येत राहिले.

आणि तरी आपण खाण्यापिण्याच्या बाबतीत काही बेफिकीर लोक नाही. उलट. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, चतुर्थी-एकादशी आहेतच. आषाढ संपता संपता गटारीला आमच्या डोंबिवलीत सकाळी सहापासून चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात (त्या अमावास्येला दीपपूजन म्हणा असे संदेश हल्ली फिरतात, रांग तेवढीच असते), आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की जाळ्या रिकाम्या. दादाचं अर्धं गणित या पंचांगावर चालतं. श्रावणात भाव पडणार म्हणून कंपनी त्याआधी पिल्लं कमी टाकते, गणपती-नवरात्र उलटेपर्यंत अंदाज घेत राहते. कोणत्या वारी खायचं, कोणत्या भांड्यात शिजवायचं, देव्हाऱ्याच्या खोलीत आणायचं की नाही, खाल्ल्यावर देवळात जायचं की नाही, याचे नियम आमच्या घरात आईला तोंडपाठ आहेत. या सगळ्या सोवळ्या-ओवळ्यात ती कोंबडी कुठंच नाही. नियम आहेत ते आपल्या शुद्धतेचे. ज्या वारी आपण खात नाही त्या वारीसुद्धा ती त्याच एका चौरस फुटात बसलेली असते. आपली दया कॅलेंडरवर फिरते, शेडपर्यंत जातच नाही.

शाकाहारी शेजारी हे ऐकून खूश होतात, म्हणून त्यांनाही सांगायला हवं. आमच्या मजल्यावरचे काका अंड्याच्या वासानं दार लावून घेतात आणि सकाळ-संध्याकाळ तबेल्याचं ताजं दूध घेतात. म्हशीला नर रेडकू झालं तर त्याचं काय होतं, हे त्यांना एकदा विचारलं. दूध देणार नाही, शेतात रेड्याला आता काम नाही, आणि पिणार ते विकायचं दूध. अनेक तबेल्यांत ते दावणीच्या कडेला उपाशीच सुकत जातं. पुन्हा भाऊच. काका म्हणाले, "अगं, पण आम्ही कुणाला मारत नाही." मी विषय वाढवला नाही, त्यांच्या घरचं श्रीखंड मलाही आवडतं.

या शेडचं आतलं दृश्य आपल्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते फेब्रुवारी २००६मध्ये, नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा. देशातला तो पहिला. पांढरे झगे, मास्क, गॉगल घातलेली माणसं, हातात पायांना धरलेल्या उलट्या कोंबड्या, पोती, चुन्याचे खड्डे. लाखो कोंबड्या काही दिवसांत मारल्या. २०२१मध्ये नवापुरात पुन्हा तेच. दोन्ही वेळेला घराघरांत चर्चा एकच, खाल्लं तर चालेल का? नीट शिजवलं तर चालतं, हे खरंच होतं, आणि पोल्ट्रीवाल्यांना ते ओरडून ओरडून सांगावं लागलं. पण एकाच वाणाची, एकाच वयाची हजारो जनावरं एकमेकांना खेटून ठेवली की एकीचा आजार सगळ्यांचा व्हायला किती वेळ लागेल, हा प्रश्न कोणी काढला नाही. मानमोडी आजीच्या अंगणातही यायची. पण अंगणात दहा कोंबड्या होत्या. मग २०२०च्या मार्चमध्ये कोंबडीमुळे करोना होतो अशी अफवा उठली आणि जिवंत कोंबडीचा भाव खाद्याच्या खर्चाच्याही खाली गेला. फुकट वाटल्या लोकांनी, काहींनी पिल्लं जिवंत पुरली. दादानं पुरली नाहीत, पण त्यानं विचार केला नव्हता असं नाही. रागावणं सोपं आहे. रोज पोत्यानं खाद्य ओतायचं आणि विकायला गेलं तर गाडीभाडं सुटत नाही, अशा वेळी माणसानं काय करायचं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. एवढं खरं की जो माल परवडेनासा झाला की पुरता येतो, तो आधीच जनावर राहिलेला नसतो. आणि तसा तो दादानं केलेला नाही.

गुलाबी पिल्लाचं सांगायचं राहिलं. ते मोठं झालं. सगळ्यांचा अंदाज चुकवून जगलं. डोळ्यावरची खपली भाचीनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं रोज पुसून काढली. मग गुलाबी पिसं झडत गेली, मधल्या काळात ते इतकं विचित्र दिसायचं की पाहुणे हसायचे, आणि शेवटी एक पांढरा, उंच पायांचा, हाडकुळा कोंबडा तयार झाला. लाल तुरा, चिडका स्वभाव. गॅलरीत कुंड्यांतली माती उकरून त्यात लोळायचा, तुळस दोनदा गेली. पहाटे साडेचारला आरवायला लागल्यावर सोसायटीचं पत्र आलं. दादाकडे न्यायचा विचार केला, तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? बाहेरचा पक्षी शेडजवळ दिसला तर सुपरवायझर बॅच बंद करेल." रोग आत येऊ नये म्हणून पोल्ट्रीवाल्यांना घरी कोंबडी पाळायची मुभा नसते. पाच हजार कोंबड्यांच्या मालकाला एक कोंबडा ठेवता येईना. शेवटी घरी काम करणाऱ्या मावशी त्याला मुरबाडकडे त्यांच्या गावी घेऊन गेल्या. पुढचं मी विचारलं नाही. भाची विचारते, आणि मावशी दर वेळी तो मजेत असल्याचं सांगतात. शिमगा होऊन गेलाय, तेव्हा मला शंका आहे. पण तेवढे महिने तो होता.

हल्ली मॉलमध्ये पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची अंडी मिळतात, दुप्पट-तिप्पट भावानं. मी घेते कधी कधी, आणि प्रत्येक वेळी खोक्यावरचं कुरण आणि सूर्य बघून संशय येतो. तपकिरी अंडं म्हणजे गावरान हा आपला आणखी एक भाबडेपणा. तपकिरी रंग जातीचा असतो, तपकिरी अंडी देणारी संकरित कोंबडीही पिंजऱ्यातच असते. आणि सगळ्यांनी महाग अंडी खावीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९८२मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली, रोजचा दर जाहीर व्हायला लागला, ती रविवार-सोमवारची जाहिरात आली, आणि अंडं मजुराच्या डब्यात पोहोचलं. ते माझ्या सदसद्विवेकासाठी परत काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण पिंजरा जायला हवा, हे म्हणेन. अंडं रुपया-दोन रुपयांनी महागेल, ते आमच्यासारख्यांच्या ऑम्लेटवर टाका आणि शाळेच्या पोषण आहारात जिथं अंडं देतात तिथला फरक सरकारनं भरावा. बॉयलरचा वाण थोडा सावकाश वाढणारा असावा. दोन आठवडे जास्त लागले तर बिघडत नाही. हे मी दादाला म्हटलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दोन आठवड्यांचं खाद्य तू देणार का?" कंपनीनं द्यावं, मी म्हटलं. "आणि कंपनीला कोण देणार?" मी. म्हणजे गिऱ्हाईक. तो हसला, गिऱ्हाईक मटणाला भाव विचारत नाही पण चिकनला दहा रुपयांवरून दुकान बदलतं, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आता त्याचं नवीन चाललंय. कंपनी म्हणते जुनी उघडी शेड सोडा, ईसी शेड घाला, म्हणजे आतली हवा यंत्रानं राखणारी. पूर्ण बंद, एका टोकाला पाण्यानं भिजणारे पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे, दिवे मंद, आणि कोंबड्या तिप्पट-चौपट. उन्हाळ्यात मरतूक नगण्य, वहिनीला पडद्यांवर पाणी मारायला नको. त्या एप्रिलनंतर या गोष्टीला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. जनरेटर बंद पडला तर काय, हे मात्र मी विचारलं. दोन ठेवायचे, तो म्हणाला. आणि खिडक्या? थोडा उजेड? "खिडक्या ठेवल्यावर पंखे ओढतील काय?" तो म्हणाला, आणि ते बरोबरच आहे. कर्जाची फाईल बँकेत गेली आहे. जामीनदार म्हणून त्यानं माझं नाव सुचवलंय, आणि मी अजून हो किंवा नाही यातलं काहीच कळवलेलं नाही.